मेनजवळची खुर्ची

शेजारच्या बिल्डिंगमध्ये फरशी बसवून राहिले आहेत. सकाळपासून कटर किंचाळतंय आणि मी सारखी उठून खिडकीशी जातेय. नवरा म्हणतो, तुला काय पडलंय त्याचं? त्याला काय सांगू? कटर चालू झालं की मी हातातलं टाकून कान देते, आणि मध्येच बंद पडलं की पुन्हा चालू होईपर्यंत हलत नाही. ही खोड मला जबलपूरच्या माझ्या घरमालकांनी लावली. ते शहर सोडून वर्षं झाली, पण खोड काही सुटली नाही.

तिथल्या रांझी भागात त्यांचं घर होतं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या जबलपूरचंच. मूळ गाव विचारलं तर काका छताकडे बघत आणि काकू म्हणत, "असंल कुठंतरी साताऱ्याकडे." काकांचं सगळं आयुष्य डिफेन्सच्या कारखान्यात, इलेक्ट्रिकल विभागात गेलं होतं. मी नागपूरहून तिथल्या एका कॉलेजात शिकवायला गेले आणि त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिले. इतर घरमालक किल्ली देताना पाण्याची वेळ सांगतात, पाहुण्यांचे नियम सांगतात. काका मला हाताला धरून व्हरांड्यातल्या मेन स्विचपाशी घेऊन गेले आणि म्हणाले, डोळे मीट आणि इथून तुझ्या खोलीपर्यंत जा, तिथून परत ये आणि हा पाड. मला वाटलं म्हातारा चेष्टा करून राहिला. चेष्टा कसली, मला जमेपर्यंत त्यांनी सामान आत नेऊ दिलं नाही.

"देवाला मागून हाक मार पोरी," ते म्हणाले. "आधी मेन पाड."

त्या घरात चपलेचा कायदा उलटा होता. बाहेरची चप्पल बाहेर, ते तर सगळीकडेच असतं. इथं आत रबरी स्लिपरा घातल्याशिवाय फ्रिजला हात लावायचा नाही. आता काकूंचं सोवळं कडक. गौरींच्या स्वयंपाकाला स्वयंपाकघरात चप्पल म्हणजे अब्रह्मण्यम्. त्यावरून दर वर्षी भांडण व्हायचं आणि शेवटी तडजोड अशी निघाली होती की काकूंनी पाटावर उभं राहून मिक्सर फिरवायचा. पाट लाकडी, कोरडा. ज्या पाटावर जेवायला बसायचं त्यावर पाय देऊन उभी राहते म्हणून काकू आधी पाटाला नमस्कार करायच्या, मग चढायच्या, आणि पुरणाची डाळ वाटून होईपर्यंत नवऱ्याच्या नावानं बोटं मोडायच्या. मी ते पाहून पदरात तोंड लपवून हसले आहे.

संक्रांतीचं वाण तर कॉलनीभर गाजलं. बाकीच्या बायका वाण म्हणून प्लास्टिकचे डबे, गाळण्या, नॅपथलीनच्या गोळ्या देतात. काकूंच्या हळदीकुंकवाला गेलेल्या प्रत्येक सवाशिणीच्या ओटीत तिळगुळाबरोबर एकेक टेस्टर पडला. तोच, आत लाल दिवा लागणारा. काकू लाजेनं चूर झाल्या होत्या. काका आतल्या खोलीच्या दारातून मान काढून प्रत्येकीला सांगत होते, नळाला लावून बघा, गिझरला लावून बघा, कुलरला तर लावाच. जबलपूरच्या उन्हाळ्यात कुलरचा पत्रा किती जणांना चावतो हे तुम्हाला माहीत नाही, म्हणाले. बायका हसत हसत गेल्या. माझा टेस्टर अजून माझ्या पर्समध्ये असतो, कुणाला सांगत नाही.

माणूस एवढा भितो म्हणजे मागं काहीतरी झालं असणार, हा कॉलनीचा सिद्धांत. कुणी म्हणे कारखान्यात त्यांच्या हातात एक जण गेला, कुणी म्हणे सख्खा भाऊ गेला. मलाही उत्सुकता होती. एकदा चहा पिताना मी सरळ विचारलं. काका माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मीच येडी.

"काही झालं नाही," ते म्हणाले. "काहून व्हायला पाहिजे? झाल्यावर भ्यायचं असंल तर मग भीती काय कामाची?"

 मी बशी उचलून आत गेले.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "गेली तितकी परत आली पाहिजे." हे विजेबद्दल. एका तारेनं जितकी वीज मशीनकडे जाते, तितकीच दुसऱ्या तारेनं परत यायला हवी. कमी आली, तर उरलेली कुठंतरी गळली. ओल्या भिंतीतून गळली असंल, नाही तर कुणाच्या तरी अंगातून. एवढं सांगून ते थांबायचे आणि समोरच्याच्या अंगाकडे पाहायचे. पण हे वाक्य त्यांनी विजेपुरतं ठेवलं नव्हतं. मी संध्याकाळी कॉलेजातून उशिरा आले तर ते फाटकात उभे असायचे. काकू भाजीला गेल्या की यांचं लक्ष रस्त्याकडे. घरातून बाहेर पडलेलं प्रत्येक माणूस परत आत आल्याशिवाय त्यांचा जीव जागेवर यायचा नाही. पुण्याला असलेला मुलगा मात्र गेला तो गेलाच. त्याला परत यावंसं वाटावं म्हणून त्यांनी वरती दोन खोल्या काढायला घेतल्या.

इथून माझी खरी परीक्षा सुरू झाली, कारण बांधकाम म्हणजे ड्रिल, ग्राइंडर, कटर आणि पाणी, सगळं एका ठिकाणी.

काकांनी आधी एक डबा बनवला. लाकडी पेटी, त्यात दोन सॉकेट, एक हिरवा दिवा आणि मधोमध विजेची गळती पकडणारा एक स्विच. गेलेल्या आणि आलेल्या विजेत जरा फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो लाइन तोडतो. त्यावर एक छोटं बटण असतं. ते दाबलं की स्विच खोटी खोटी गळती मानून पडतो. म्हणजे तो जागा आहे हे कळतं. डबा मेनशेजारी, जिन्याखाली. वरती जे मशीन चालेल त्याची वायर जिन्यावरून खाली येऊन या डब्यातच लागणार, हा हुकूम. आणि डब्याशेजारी खुर्ची टाकून काका स्वतः. काम चालू असेपर्यंत ते खुर्ची सोडत नसत. पेपर तिथं, चहा तिथं, दाढीसुद्धा तिथंच. खुर्चीला टेकवून फुलं काढायची बांबूची आकडी ठेवलेली. कण्हेरीची फुलं तोडायला काकूंनी ती मागितली की म्हणायचे, ओली होईल, दुसरी घे. मिस्त्री लोकांना वाटायचं म्हातारा मारायला काठी घेऊन बसतो.

फाटकातून आत येणाऱ्या मजुरांकडून ते माचिस काढून घेत. बिडी ओढा, माझी हरकत नाही, म्हणून प्रत्येकाला लायटर देत. काकू वैतागायच्या की हा काय नवीन शौक. कारण असं होतं की मजुरांच्या मशीनला प्लग नसतो. असला तरी तो तुटलेला. मग ते वायरची दोन उघडी टोकं सॉकेटच्या भोकांत घालतात आणि निसटू नयेत म्हणून आगकाड्या ठोकतात. काकांच्या दृष्टीनं जगातली सगळी पापं त्या दोन आगकाड्यांत होती.

फरशीचं काम कुंडम गावाकडच्या एका मिस्त्रीकडे होतं. हात सोन्यासारखा, जीभ तिखट. त्याची बायको त्याच्याबरोबर काम करायची. तो उकिडवा बसून फरशी कापायचा आणि ती बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पात्यावर पाण्याची धार धरायची, धूळ उडू नये म्हणून. काकांच्या डब्याला तो सासूचा डिब्बा म्हणायचा. जरा पाणी सांडलं की पडतो, जरा ओलं झालं की पडतो, ऐसी सास किसी को न मिले. काका खालून ओरडायचे, बहू सुधरेगी तो सास भी सुधरेगी. दोघांची ही जुगलबंदी दिवसभर चालायची आणि माझे पेपर तपासायचे राहून जायचे. संध्याकाळी ती दोघं निघाली की काका फाटकापर्यंत जायचे, नवराबायको रस्त्याला लागेपर्यंत बघायचे, मगच खुर्ची आत घ्यायचे.

दिवाळी होऊन गेली होती. मिस्त्रीच्या गावची मढई उद्यावर आली होती. मढई म्हणजे त्यांची जत्रा, सगळं गाव जमतं. त्याला त्याच दिवशी काम संपवून संध्याकाळची बस धरायची होती. बायकोनं पिशवीसुद्धा भरून आणली होती. आणि नेमका सकाळपासून डबा पडू लागला. कटर लावलं, पाण्याची धार धरली की टक. काका पुन्हा चढवायचे, पुन्हा टक. शेवटी ते जिन्याच्या अर्ध्यावर जाऊन बोलले की मशीन अंदरसे गीला है, गोहलपूरच्या मेकॅनिककडे नेऊन दुरुस्त करून आणा, मी हात लावू देणार नाही. मिस्त्री चिडला. गोहलपूरला जाऊन मशीन उघडून येईपर्यंत त्याची बस निघून गेली असती. काम थांबलंच होतं म्हणून काका आंघोळीला गेले.

आंघोळ करून आले तेव्हा वर कटर चालू होतं.

"कैसे चला?" त्यांनी खालून विचारलं.

"ठीक हो गया, बाबूजी," वरून मिस्त्रीचा आवाज आला.

काकांनी डब्याकडे पाहिलं. हिरवा दिवा लागलेला, जिन्यावरून आलेली वायरही डब्यातच. डबा पडत नव्हता. मशीन ओलं होतं ते सुकलं असेल, म्हणाले, आणि खुर्चीत बसले. त्या दिवशी मला सुट्टी होती. मी व्हरांड्यात पेपर तपासत होते. इतक्या महिन्यांत त्यांना एवढं निवांत मी पाहिलं नव्हतं. वरती कटर जोरात चाललं होतं आणि हे पाय पसरून बसले होते. काकूंनी चहाबरोबर चिवडा दिला, तर म्हणाले, बघ, सासूबाई शांत आहेत आज. मला मनात बरंही वाटलं. चला, आजचा दिवस तरी माझं काम होईल.

चहा झाला. रोजच्या सवयीनं त्यांनी हात लांब करून डब्याचं ते छोटं बटण दाबलं.

टक. हिरवा दिवा गेला.

वरती कटर चालूच.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून माझ्या हातातला पेन गळाला. ते उठले आणि त्यांनी मेन पाडला. पंखा थांबला. आतला फ्रिज गप्प झाला. स्वयंपाकघरातून काकूंचा मिक्सर बंद पडला आणि त्या "अहो" म्हणाल्या. सगळं घर मेलं, आणि वरती कटर तसंच किंचाळत होतं.

"आपली नाही," काका म्हणाले. "लाइन आपली नाही."

आकडी उचलून ते जिना चढू लागले. गुडघे दुखणारा माणूस, एकेक पायरी कण्हत चढायचा. त्या दिवशी मी त्यांच्या मागं धापा टाकत होते. जिन्याच्या वळणावर खिडकीतून दिसलं. शेजारच्या गच्चीवरून एक वायर कठडा ओलांडून आमच्याकडे आली होती. आमची वायर डब्यात तशीच ठेवून मिस्त्रीनं कटर तिला जोडलं होतं. शेजारच्या दीदी फार मायाळू बाई. कढी केली की वाटी आमच्याकडे येणारच. मिस्त्री तोंड पाडून बसलेला त्यांना गच्चीवरून दिसला असेल, बस चुकेल म्हणून सांगितलं असेल, तर त्या म्हणाल्या असतील, लो भैया, यहाँ से ले लो. आपल्या गच्चीवरच्या खोलीतल्या सॉकेटमधून लाइन देऊन त्या घराच्या दाराला कुलूप लावून बड्या फुहाऱ्याच्या बाजारात साडी घ्यायला गेल्या होत्या. त्यांच्या घरात काकांचा डबा नव्हता. त्यांच्याकडे गळती पकडणारं काहीच नव्हतं. आणि त्यांचा मेन कुलपाच्या आत होता.

मिस्त्रीनं धुळीसाठी तोंड, नाक, कान गमछ्यानं बांधले होते. बायको उघड्या पायांनी पाण्यात बसून धार धरत होती. काका ओरडले. त्याला ऐकू गेलं नाही, पण आम्ही दिसलो. चोरी पकडली गेल्यावर माणूस दचकतो तसा तो दचकला आणि कटर हातात असतानाच उठू लागला. उठताना आधाराला त्यानं दुसऱ्या हातानं भिंतीतून बाहेर आलेली सळई धरली.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. त्याचं तोंड नुसतं उघडं राहिलं, सगळं अंग ताठ झालं आणि हात काही सुटेना. बायकोनं बाटली टाकली आणि ती त्याला धरायला झेपावली.

"हात मत लगाना!"

काकांचा तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. आकडी आडवी धरून त्यांनी तिला छातीशी ढकललं. बाई मागं पडली. मग त्यांनी तीच आकडी कठड्यावरच्या वायरीत अडकवली आणि सगळं वजन टाकून मागं ओढली. एकदा ओढली, काही झालं नाही.  दुसऱ्यांदा ओढली तेव्हा शेजारच्या खोलीतून काहीतरी निसटलं, वायर सपकन ओढली गेली, कटर घरघरत थांबलं आणि मिस्त्री कोसळला.

त्याचा श्वास चालू होता. हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं, श्वास चालू होता. दवाखान्यात त्याच्या छातीला तारा लावून ईसीजी काढला, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. डाव्या तळहातावर भाजल्याचा डाग होता. बाकी ठीक आहे, डॉक्टर म्हणाले. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिची भरलेली पिशवी तिच्याजवळच होती, ती कुणी आणली कुणास ठाऊक. काका समोरच्या बाकावर बसून तिच्याकडे बघत होते. 

वायर का सुटली, हे घरी आल्यावर कळलं. तिच्या टोकांना प्लग नव्हता. मिस्त्रीनं आगकाड्या ठोकून लावली होती. त्याची माचिस काकांनी फाटकातच काढून घेतली होती म्हणून दीदींच्या देवघरातली घेतली होती. नीट प्लग असता, काका वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगत होते तसा घट्ट बसलेला प्लग असता, तर कदाचित ती वायर आकडीनं सुटली नसती. काका त्या दोन काड्या तळहातावर घेऊन किती वेळ बसले होते.

"घ्या," शेवटी ते म्हणाले. "यांनीच वाचवला."

दीदी रडत आल्या. मैंने तो मदद की थी, मैंने तो मदद की थी, एवढंच म्हणत राहिल्या. आम्हाला वाटलं आता काका फाडून खातील. ते म्हणाले, हां दीदी, मालूम है, बैठिए. काकूंनी चहा केला. काकांनी तो घेतला नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस वरचं काम बंद होतं. काका खुर्चीत बसत नव्हते. ती तशीच मेनजवळ रिकामी राहायची आणि ते आत पलंगावर आढ्याकडे बघत पडलेले. हिरवा दिवा बघून निवांत बसलो, चिवडा खाल्ला, एवढंच कधीतरी पुटपुटायचे. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हा माणूस भीत होता तेव्हा बरा होता गं. मला वाटलं वरच्या खोल्या आता अशाच राहतील. मुलालाही त्यांनी फोनवर काही सांगितलं नव्हतं. आणि मिस्त्री तर काय, परत येईल अशी आशा कुणालाच नव्हती. त्याच्या बायकोनं त्याला शपथ घातली असं कुणाकडून तरी कानावर आलं होतं.

एका सकाळी फाटक वाजलं. दोघं आली होती, तो आणि ती. त्याच्या हाताला पट्टी होती आणि पायात नवे रबरी बूट. तिच्याही पायात. कटर गोहलपूरहून दुरुस्त करून आणलेलं, वायरीच्या टोकाला प्लग. त्यानं कुणाला विचारलं नाही. वायर जिन्यावरून खाली सोडली, स्वतः खाली येऊन डब्यात लावली, आणि वर गेला. काका आतल्या दारात उभे राहून बघत होते. वर कटर सुरू झालं. 

तेवढ्यात वरून मिस्त्रीनं हाक मारली.

"बाबूजी, गिराइए! पहले गिराइए, फिर काटूँगा!"

काका हळूहळू चालत खुर्चीपाशी गेले. बसले. हात लांब केला आणि बटण दाबलं.

टक. वरचं कटर थांबलं.

घरात अगदी शांत झालं. वरून मिस्त्रीनं विचारलं, उठाइए? काका हलले नाहीत. त्यांचा हात डब्यावर तसाच होता आणि डोळे मिटलेले होते. मी म्हटलं, काका, चढवा ना, तो थांबलाय.

"थांब पोरी," ते म्हणाले. "थोडं ऐकू दे."